ड्रेनच्या बाटलीत दूध: मानेच्या शस्त्रक्रियेनंतरच्या काइल गळतीचं एक प्रकरण

रुग्ण ५२ वर्षांचे, वजन ५८ किलो, सिंधुदुर्गातले शेतकरी. तीस वर्षं तंबाखू-चुना डाव्या गालात धरायची सवय, आणि कर्करोग झाला तोही तिथेच, गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत. हे प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. अशा रुग्णांमध्ये जे पुन्हा पुन्हा दिसतं ते एका रुग्णावर बसवलं आहे आणि आकडे नेहमीच्या पल्ल्यातले घेतले आहेत.

शस्त्रक्रियेत गालाचा रोगट भाग आणि जबड्याचा तुकडा काढला. डाव्या बाजूच्या मानेतल्या पातळी १ ते ५ च्या, म्हणजे वरपासून तळापर्यंतच्या विभागांतल्या, लसीका (लिम्फ) ग्रंथी काढल्या. गालाची पोकळी भरायला छातीचा पेक्टोरॅलिस मेजर स्नायू त्वचेसकट उचलून, कॉलर बोनवरून मानेत वर नेऊन बसवला. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे तिच्यामुळे एक उपाय हातातून गेला. मानेत १४ फ्रेंच मापाचा सक्शन ड्रेन, म्हणजे जखमेतला द्रव ओढून बाटलीत आणणारी नळी, ठेवला होता.

पहिल्या दिवशी ड्रेनमध्ये ११० मिली आलं, गुलाबीसर. संध्याकाळी रायल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून जठरात घातलेल्या नळीतून, पाणी आणि शहाळ्याचं पाणी सुरू केलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दर दोन तासांनी २०० मिली दूध. त्या दिवसाचा ड्रेन १४० मिली. तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोने हाक मारली, "सिस्टर, जरा बघा ना, ह्यांच्या बाटलीत दूध आलंय." चोवीस तासांचं माप ३८० मिली होतं आणि रंग खरोखरच सायीच्या दुधासारखा होता.

नातेवाइकांचा पहिला समज असा होतो की नळीतून घातलेलं दूध टाके उसवून मानेत उतरतंय. हा समज हसण्यावारी नेऊ नये. तोंडातली शिवण सुटून लाळ मानेत उतरणं ही याच शस्त्रक्रियेची वेगळी आणि अधिक वाईट गुंतागुंत आहे, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोन्हींत गल्लत होऊ शकते. फरक तपासावा लागतो. लाळ बुळबुळीत आणि तारेची असते, तिला वास येतो, तिच्यात अमायलेझ हे पाचक द्रव्य भरपूर असतं, आणि तोंडात निळा रंग दिला तर तो ड्रेनमध्ये उतरतो. पू असेल तर ताप आणि लाली असते. इथे ताप नव्हता, वास नव्हता, निळा रंग उतरला नाही. रायल्स ट्यूबचं टोक जठरात असल्याची खात्री केली. बाटलीतल्या द्रवातलं ट्रायग्लिसराइड, म्हणजे चरबी, ६४० मिग्रॅ प्रति डेसिलिटर निघालं, त्याच वेळी रक्तातलं होतं ११२. द्रवात १०० च्या वर आणि रक्तापेक्षा जास्त असेल तर निदान जवळजवळ पक्कं. ही काइलची, म्हणजे आतड्यातली चरबी घेऊन वाहणाऱ्या लसीकेची, गळती होती.

गळलं ते कुठून

शरीरभरच्या केशवाहिन्यांतून पेशींच्या मधल्या जागेत द्रव सतत झिरपत असतो. हा द्रव, आणि त्याच्याबरोबर बाहेर पडलेली प्रथिनं, लसीका केशिका उचलतात. त्यांच्या पेशी कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात, त्यामुळे आत ढकललेलं सहज बाहेर येत नाही. पुढच्या मोठ्या लसीकावाहिन्यांत ठरावीक अंतरावर झडपा असतात आणि दोन झडपांमधला भाग स्वतः आकुंचन पावतो. या संस्थेला हृदयासारखा पंप नाही. वाहिनीच्या भिंतीचं आकुंचन, आजूबाजूच्या स्नायूंचा दाब आणि श्वासागणिक बदलणारा छाती-पोटातला दाब यांवरच सगळं चालतं.

दोन्ही पाय, पोट, छातीचा डावा भाग, डावा हात आणि डोकं-मानेची डावी बाजू, एवढ्या सगळ्यांची लसीका थोरॅसिक डक्ट या मुख्य लसीकानळीत येते. उजवा हात, छातीचा उजवा भाग आणि डोकं-मानेची उजवी बाजू यांच्यासाठी उजवीकडे वेगळी, आखूड नळी आहे. थोरॅसिक डक्ट पोटात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यासमोर सुरू होते. तिथे बऱ्याच जणांत सिस्टर्ना कायली नावाची फुगीर थैली असते. तिथून महारोहिणीबरोबर मध्यपटलातून छातीत शिरायचं, मणक्यांच्या उजव्या कडेने वर जायचं, छातीच्या पाचव्या मणक्याच्या सुमारास डावीकडे ओलांडायचं, अन्ननलिकेच्या डाव्या कडेने मानेत यायचं, असा तिचा मार्ग. लांबी ३८ ते ४५ सेंमी, जाडी जेमतेम काही मिलिमीटर, भिंत इतकी पातळ की रिकामी असताना डोळ्याला दिसतही नाही.

मानेत ती कॉलर बोनच्या वर ३ ते ५ सेंमी चढते, कॅरोटिड रोहिणी आणि जुग्युलर शीर यांच्या मागून बाहेर वळते, आणि कमान करून खाली उतरून डावी जुग्युलर आणि डावी सबक्लेव्हियन शीर जिथे मिळतात तिथे उघडते. हा पाठ्यपुस्तकातला मार्ग झाला. प्रत्यक्षात ती कधी जुग्युलरमध्ये आधीच उघडते, कधी दोन-तीन फाटे होऊन. पातळी ४ च्या ग्रंथी, म्हणजे मानेच्या तळाशी जुग्युलरच्या भोवतीच्या, नेमक्या या कमानीच्या अंगावर बसलेल्या असतात. त्या काढताना एखादा फाटा तुटला आणि बांधायचा राहिला की गळती. मानेतल्या ग्रंथी काढण्याच्या शस्त्रक्रियांत शंभरात एक-दोन ते आठ जणांत ती झाल्याचे वेगवेगळे अहवाल आहेत. उजवीकडेही होते, पण कमी.

ऑपरेशन टेबलवर ती दिसली कशी नाही? या रुग्णात मान बंद करण्याआधी गळती असेल तर दिसावी म्हणून भूलतज्ज्ञांनी फुप्फुसांत दाब धरून ठेवला होता आणि पातळी ४ ची जागा कोरडी दिसली होती. तसं होतं, कारण रुग्ण आदल्या रात्रीपासून उपाशी असतो. उपाशी माणसाची लसीका पाण्यासारखी स्वच्छ आणि थोडी असते. जखमेतल्या ओलाव्यात ती ओळखू येणं कठीण. जेवणानंतर आतड्यातली चरबी कायलोमायक्रॉन नावाच्या सूक्ष्म थेंबांच्या रूपात आतड्याच्या लसीकावाहिन्यांत शिरते, तेव्हा तीच लसीका पांढरी होते आणि तिचा प्रवाहही वाढतो. तिलाच काइल म्हणतात. १६२२ साली गास्पारे असेल्ली या इटालियन शल्यविशारदाला आतड्याच्या पदरात या पांढऱ्या वाहिन्या दिसल्या, त्या नुकतंच खाऊ घातलेल्या कुत्र्यात. उपाशी कुत्र्यात काहीच दिसलं नाही. ड्रेन दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि तिसऱ्या दिवशी पांढरा, याचं कारणही तेच. मधे दूध सुरू झालं होतं.

काय केलं, काय टाळलं

थोरॅसिक डक्टमधून दिवसाला साधारण २ ते ४ लिटर लसीका वाहते. त्यातली पाचशे मिली बाहेर पडली तर नुसतं पाणी जात नाही. दर १०० मिलीमागे २ ते ३ ग्रॅम प्रथिनं जातात, सोडियम जातं, चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वं जातात आणि लिम्फोसाइट म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जातात, मुख्यतः टी पेशी. आठवडाभर असंच चाललं तर अल्ब्युमिन हे रक्तातलं मुख्य प्रथिन घसरतं, जखम भरत नाही, संसर्गाला वाट मिळते. शिवाय साचलेलं काइल त्वचेच्या पदराखाली दाह करतं, आणि तिथेच कॅरोटिड रोहिणी असते. म्हणून "येईल बंद आपोआप" असं म्हणत ड्रेनकडे नुसतं बघत बसणं चालत नाही. मात्र लगेच मान पुन्हा उघडायचीही गरज नसते. दिवसाला ५०० मिलीच्या आतली गळती बहुतेक वेळा प्रवाह कमी केल्यावर थांबते.

त्याच दिवशी सकाळी दूध बंद केलं. पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचलली. शौचाला कुंथू नये म्हणून लॅक्ट्युलोज १५ मिली रात्री, आणि खोकला दाबायला औषध. कुंथल्यावर, खोकल्यावर छाती-पोटातला दाब वाढतो आणि बंद होऊ पाहणारं भोक पुन्हा उघडतं.

कॉलर बोनच्या वर घट्ट दाबपट्टी बांधणं हा जुना उपाय. तो इथे केला नाही. छातीतून वर आणलेल्या स्नायूच्या रक्तवाहिन्या नेमक्या त्याच जागेवरून, कॉलर बोन ओलांडून जातात. तिथे दाब दिला तर काइल थांबण्याआधी गालात बसवलेला स्नायूचा पट्टाच मरेल. असा पट्टा नसतानाही दाबपट्टीचा फायदा वादातीत नाही.

ड्रेनच्या सक्शनबद्दल मतभेद आहेत. ओढ जास्त असेल तर गळती वाहती राहते असं काहींचं म्हणणं. पण सुरुवातीचे चार-पाच दिवस त्वचेचा पदर खाली चिकटणं जास्त महत्त्वाचं, नाहीतर खाली काइलचं तळं होतं. इथे सहाव्या दिवसापर्यंत हलकं सक्शन ठेवलं, मग बाटली नुसत्या उतारावर.

चौथ्या दिवशी माप ४६० मिली झालं. घाबरायचं कारण नव्हतं, आधीची चरबी आतड्यात होती. त्या दिवशी ऑक्ट्रिओटाइड सुरू केलं, १०० मायक्रोग्रॅम कातडीखाली, दर आठ तासांनी. ते आतड्याचा रक्तपुरवठा, पाचकरस आणि त्याबरोबर लसीकेचा प्रवाह कमी करतं. रक्तातली साखर दोन्ही दिशांना हलू शकते, पोटात कळ येते, नाडी मंदावते, म्हणून साखर दिवसातून चार वेळा आणि नाडी दर शिफ्टला.

नळीतलं जेवण

औषधापेक्षा जास्त काम आहारानं केलं, आणि बिघडवलंही आहारानंच. आपल्याकडे बहुतेक वॉर्डांत फीड नातेवाईक करतात, त्यामुळे "चरबी बंद" एवढं सांगून काहीच होत नाही. काय, किती ग्रॅम, कशातून हे लिहून द्यावं लागतं.

गरज अशी धरली: ५८ किलोला ३० प्रमाणे सुमारे १,७४० कॅलरी. प्रथिनं किलोमागे दीड ग्रॅम म्हणजे ८७, अधिक ड्रेनमधून जाणारी दहा-बारा. रोजचा हिशेब:

स्किम्ड मिल्क पावडर ११० ग्रॅम, १.२ लिटर पाण्यात. उकडून मिक्सरला फिरवलेले सहा अंड्यांचे पांढरे भाग. व्हे प्रोटीन आयसोलेट ४० ग्रॅम. तांदळाच्या पिठाची पातळ पेज ८० ग्रॅम पिठाची. साखर ६० ग्रॅम. दोन केळी, गाळून. एमसीटी तेल ४५ मिली, तीन फीडमध्ये विभागून.

यात नेहमीची चरबी चार ग्रॅमच्या आसपास बसते. मर्यादा १० ग्रॅमची ठेवली होती. पाकिटातलं टोन्ड दूध चालत नाही, त्यात ३ टक्के फॅट असते, म्हणजे लिटरला ३० ग्रॅम. डबल टोन्डमध्येही दीड टक्का. म्हशीच्या दुधावरची साय काढून ते "बिनसायीचं" झालं असं घरोघरी समजतात. ते स्किम्ड होत नाही. वरणाचं पाणी चालतं, फोडणीशिवाय. शेंगदाण्याचा कूट, काजू, खोबरं, अंड्याचा बलक पूर्ण बंद. प्रोटीन पावडरच्या डब्यामागचा तक्ता वाचायचा, कारण काही पावडरींमध्ये वनस्पती तेल असतं.

एमसीटी म्हणजे मध्यम लांबीच्या साखळीची चरबी, मुख्यतः ८ आणि १० कार्बनची. ती आतड्यातून थेट पोर्टल शिरेत जाऊन यकृतात पोहोचते, लसीकेच्या वाटेला जात नाही. म्हणून कॅलरी मिळतात आणि गळती वाढत नाही. एकदम जास्त दिली तर जुलाब होतात. पहिल्या दिवशी १५ मिली, मग वाढवत न्यायची. ती तापवायची किंवा फोडणीला वापरायची नसते, गार फीडमध्ये मिसळायची.

पाचव्या दिवशी ड्रेन २९० वर आला, सहाव्या दिवशी १७० वर. रंग जवळजवळ पाण्यासारखा. मग सातव्या दिवशी ३५०, आठव्या दिवशी ५२०, आणि पुन्हा पांढरा.

इथे बाटली वाचता यायला हवी. प्रवाह किती आहे ते माप सांगतं, आत चरबी जाते आहे का ते रंग सांगतो. माप वाढलं आणि द्रव पारदर्शक राहिला, तर खोकला, कुंथणं, बसून-चालणं वाढणं किंवा भोक मोठं होणं याचा विचार करायचा. माप वाढलं आणि द्रव पांढरा झाला, तर आधी पातेल्यात बघायचं. सिस्टरांनी माप सहा-सहा तासांचं लिहिलं होतं, ते कामी आलं. पहाटेचा द्रव स्वच्छ आणि थोडा, दुपारी आणि रात्री आठनंतर पांढरा. फीडच्या मागोमाग रंग येत होता.

विचारल्यावर उलगडलं. एमसीटी तेलाची बाटली संपली होती, किंमत जास्त, आणि मुलानं मोबाइलवर वाचलं होतं की एमसीटी खोबऱ्यापासूनच बनतं. घरच्या घाण्याचं खोबरेल गावाहून आलं. सहाव्या दिवसापासून दर फीडला एक मोठा चमचा, दिवसाला चार. सिस्टरांनी विचारलं तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबांना चांगलंच द्यायचं म्हणून घाण्याचं दिलं, सिस्टर. बाजारचं नाही."

त्याचं वाचन अर्धं बरोबर होतं. एमसीटी तेल खोबरेल किंवा पाम कर्नल तेलातूनच काढतात, पण वेगळं करून. अख्ख्या खोबरेलात ८ आणि १० कार्बनची आम्लं मिळून साधारण १५ टक्क्यांच्या आत असतात. निम्म्याच्या आसपास असतं १२ कार्बनचं लॉरिक आम्ल, ज्याचा बराच भाग लसीकेतूनच जातो. उरलेली आम्लं त्याहून लांब साखळीची. चार मोठे चमचे म्हणजे ६० मिली, सुमारे ५५ ग्रॅम तेल. दिवसाला १० ग्रॅमची मर्यादा असताना. कोकण आणि गोव्यातल्या रुग्णांच्या बाबतीत हा प्रश्न पहिल्याच दिवशी नाव घेऊन विचारावा, "खोबरेल चालणार नाही" हे फीडच्या कागदावर ठळक लिहावं.

आठव्या दिवशी अल्ब्युमिन ३.४ वरून २.८ वर, सोडियम १३१, रक्तातले लिम्फोसाइट १,९०० वरून १,२०० वर होते. सोडियम सलाइनने भरून काढलं. त्याच दिवशी पुढच्या पायरीची तयारीही केली, कारण ५०० मिलीच्या वर चार-पाच दिवस राहिलं तर आहारावर विसंबून बसता येत नाही. १,००० च्या वर गेलं तर त्याहून लवकर हलावं लागतं.

पुढची पायरी दोन प्रकारची. जिथे सोय आहे तिथे जांघेतल्या लसीका ग्रंथीत सोनोग्राफीखाली बारीक सुईने लिपिओडॉल हळूहळू सोडतात. ते खसखशीच्या तेलापासून बनवलेलं आयोडीनयुक्त तेल, एक्स-रेमध्ये दिसतं, वर चढत मानेपर्यंत जातं आणि गळतीची जागा दाखवतं. काही वेळा तेवढ्यानंच भोक बुजतं. नाही बुजलं तर पोटातून सुईनं सिस्टर्ना कायलीत शिरून कॉइल आणि ग्लूने नळी बंद करतात. ही पद्धत कॉन्स्टँटिन कोप यांनी १९९० च्या दशकात रुळवली. सोय नसेल तर मान पुन्हा उघडायची. त्याआधी काही तास रायल्स ट्यूबमधून मलई देतात, म्हणजे गळणारा फाटा पांढरा दिसतो. भूलतज्ज्ञांशी वेळ आधी ठरवून, कारण भरलेलं जठर भुलेला धोक्याचं. डोकं खाली करून, फुप्फुसांत दाब धरून, पांढरा ठिपका दिसला की न विरघळणाऱ्या धाग्याने बांधायचा आणि वर जवळचा स्नायू शिवायचा. सातव्या-आठव्या दिवसानंतर तिथल्या सगळ्या ऊती सुजून चिकटलेल्या असतात, फाटा शोधणं आणि शिरा-नसा वाचवणं दोन्ही अवघड होतं. नळी पूर्ण बांधली तरी शरीर सांभाळून घेतं. लसीकेला शिरांत जायला बाजूच्या वाटा असतात.

इथे तिथपर्यंत जावं लागलं नाही. खोबरेल बंद केल्यावर नवव्या दिवशी ३१०, दहाव्या दिवशी १५०, मग ८०, ४०, तेराव्या दिवशी २५. ऑक्ट्रिओटाइड तेराव्या दिवशी थांबवलं. चरबी दोन आठवड्यांच्या पुढे बंद ठेवायची वेळ आली असती तर आवश्यक मेदाम्लांसाठी शिरेतून लिपिड द्यावं लागलं असतं. ते चालतं, कारण शिरेतलं लिपिड लसीकेच्या वाटेला जात नाही.

माप ३० च्या आत आलं म्हणून लगेच ड्रेन काढला नाही. चौदाव्या दिवशी मुद्दाम तीन फीड साध्या फुल क्रीम दुधाची दिली, ज्यात ६ टक्के फॅट असते. चोवीस तासांत २० मिली आलं, पिवळसर, पारदर्शक. पंधराव्या दिवशी ड्रेन काढला. तरी पुढचे दोन आठवडे आहार कमी चरबीचाच ठेवला, बाकीचं जेवण टप्प्याटप्प्याने. छातीचा एक्स-रे काढून फुप्फुसाभोवती पाणी नसल्याचं पाहिलं, कारण मानेतलं काइल खाली छातीतही उतरू शकतं.

बायोप्सीत दोन ग्रंथी कर्करोगाच्या निघाल्या, त्यामुळे रेडिएशन लागणार होतं आणि ते शस्त्रक्रियेपासून सहा आठवड्यांत सुरू व्हायला हवं. काइल गळतीची खरी किंमत बऱ्याचदा इथे मोजावी लागते, वॉर्डात नाही. यांचं पाचव्या आठवड्यात सुरू झालं. घरी जाताना दिलेल्या कागदावर तीन गोष्टी होत्या: डाव्या कॉलर बोनच्या वर मऊ सूज आली, दम लागला किंवा टाक्यांतून पांढरं पाणी आलं तर थांबू नका, त्याच दिवशी या. खाली मुलाच्या हातची ओळ होती, तेलाच्या नावांपुढे फुल्या मारून: "खोबरेल २८ तारखेनंतर, डॉक्टरांना विचारून."